गवती चहा झालेली मेंढरं

माझ्या माहेरी, डाळजला, एके काळी मेंढरं होती म्हणे. माझ्या वेळेपर्यंत टोमॅटो आणि वांगीच उरली होती, आणि टोमॅटो काही रात्री चावत नाही. सासर कोऱ्हाळ्याचं. तिथंही पाणी आलं, ऊस आला, तरी सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, जुन्या कळपातली चार मेंढरं दाराशी ठेवलेली. ती गेली असती तर सकाळी उठून करायचं काय, हेच आबांना कळलं नसतं. मला ते सगळं मान्य होतं. गोचिडी तेवढ्या मान्य नव्हत्या.

एक दिवस माझ्या तान्ह्या लेकीच्या कानामागं टपोरी गोचीड सापडली आणि माझं डोकंच फिरलं. पदर खोचून ओसरीवर आले आणि सांगून टाकलं, येत्या बाजारादिवशी मेंढरांचा व्यापारी टेम्पो घेऊन येईल. तोवर गोचिडी गेल्या तर मेंढरं राहतील, एक जरी दिसली तर टेम्पोत चढतील. त्या रात्री आबा जेवायला आले नाहीत.

नव्वद-पंच्याण्णवचा सुमार. आमचे मालक बारामतीच्या एमआयडीसीत साबणाच्या कारखान्यात होते. बाजाराच्या आदल्या दिवशी ते मोटारसायकलला अडकवून गवती चहाच्या तेलाचा कॅन घेऊन आले. याच्या वासानं किडे पळतात, असं तिथल्या कुणीतरी सांगितलेलं. करंजाच्या तेलात थेंब थेंब मिसळून चोळायचं होतं, पण आबांच्या हाताला थेंब ठाऊक नव्हता. त्यांनी मेंढ्या, कोकरं, दावी, भिंती, सगळं माखून काढलं. वास असा सुटला, की वाटेनं जाणारा प्रत्येक जण "चहा टाकलाय वाटतं" म्हणत ओसरीवर टेकायचा आणि मला खरंच चहा टाकावा लागायचा. संध्याकाळपर्यंत साखरेचा डबा तळाला गेला. पण मेंढरांवरच्या गोचिडी गेल्या, हे कबूल केलं पाहिजे.

पुढचा घोळ अंधारताना कळला. मेंढी आपलं कोकरू हुंगून ओळखते. आता सगळीच कोकरं गवती चहा झालेली. कोकरू कासेला आलं की आई हुंगायची आणि ढुशी देऊन उडवून लावायची. घाबरून आबांनी कोकरांना अंघोळ घातली, तीही मालकांच्या कारखान्यातल्या गुलाबाच्या साबणानं. मग तर कोकरं नवरीसारखी घमघमायला लागली आणि आयांनी तोंडच फिरवलं. भुकेल्या कोकरांचा ओरडा काही थांबेना. आबा डोक्याला हात लावून बसून राहिले.

पहाटे त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी कोकरांना पुन्हा तेल लावलं आणि मेंढ्यांच्या नाकांनाही बोटं पुसली. नाकातच वास भरल्यावर आपलं काय आणि परकं काय? मेंढ्या निमूट उभ्या राहिल्या, कोकरं लुचायला लागली. मला हसूही आलं आणि बरंही वाटलं.

तेवढ्यात ओसरीवर झोळीतली माझी पोर रडायला लागली. मी धावले, तर एक मेंढी माझ्याआधी पोचलेली. तिला आता सगळं जगच आपलं कोकरू वाटत होतं. ती झोळीपुढं पाय रोवून उभी राहिली. मी जवळ गेले की ढुशी. पोर भुकेली, माझी चोळी भिजलेली, आणि मध्ये ही बया! संताप संताप झाला, मग रडूच फुटलं. सासूबाई काठी शोधायला लागल्या.

"मारू नगं तिला," आबा म्हणाले. "सूनबाई, खाली वाक. कोकरागत ये."

गेले बाई. हात-गुडघे टेकून, पदर धुळीत लोळवत, स्वतःच्याच लेकीकडं रांगत गेले. मेंढीनं माझं तोंड हुंगलं, कपाळ चाटलं आणि बाजूला सरून मला पोटाशी जागा दिली. लेकीला पाजताना रात्रभर ढुशा खाल्लेली ती कोकरं माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. फार वाईट वाटलं मला.

व्यापारी आला तेव्हा आबांनी त्याच्यादेखत एकेक मेंढी कान उलगडून, शेपूट उचलून दाखवली. एकीवरही काही नव्हतं. आबा माझ्याकडं बघून लहान मुलासारखे हसले. मग शेवटचं कोकरू दाखवायला वाकले, मुंडासं सरकलं आणि त्यांच्या कानामागं मला ती दिसली. टपोरी, अगदी सुखात. गोठ्यात तेल न लावलेला जीव तेवढा एकच होता.

सासऱ्याच्या अंगाला सुनेनं हात लावायची आमच्यात रीत नाही. मी सरळ पुढं झाले आणि ती गोचीड खुडून मुठीत घेतली. आबा दचकले. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. व्यापारी तर बघतच राहिला.

"काय हुतं गं?" आबांनी विचारलं.

"कुसळ हुतं, आबा," मी म्हणाले, आणि व्यापाऱ्याचा रिकामा टेम्पो वळणाआड जाईपर्यंत मूठ उघडली नाही.