शेवग्याच्या शेंगांना कुलूप

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेवग्याच्या शेंगांची बातमी कुलूपबंद करून जर्मनीला लेकीकडं धाडणं. मी सांगत होतो, बायको एका बोटानं टिपत होती.

"लिही, शेंगा जून निघाल्या."

"तुमीच आणल्या, तेबी लिहू का?"

"ते नको."

तिनं तेच आधी लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी छातीत कळ आली म्हणाली, आणि गाडी येईस्तोवर सगळं संपलं.

लेक तिकडं कॉम्प्युटरचं काम करते. तिचा कुठल्याच कंपनीवर विश्वास नाही. "आबा, फोनवरच्या गप्पा कोण कोण ठेवून घेतं, तुमाला ठावं न्हाई." म्हटलं, ठेवू दे की. आमच्या म्हशीला जुलाब झाले हे अमेरिकेला कळलं तर काय लढाई होणार हाय? पण ऐकते कुठं! आईवर गेलेली. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर तिनं एक काळा पडदा बसवून दिला. फोटो नाही, ते पिवळे हसरे चेहरे नाहीत, नुसती पांढरी अक्षरं. मराठी लिहायला गेलं की वेलांटी एकीकडं आणि काना दुसरीकडं पडायचा, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. इथं लिहिलेलं इथंच कुलूपबंद व्हायचं आणि थेट लेकीकडं उघडायचं; मधी कुणी डोकावलं तर त्याला भुसा दिसणार. खिडकी बंद केली की मागं काहीच उरत नाही. बँकेच्या तिजोरीला नसेल असा बंदोबस्त. आत काय, तर म्हशीचे जुलाब.

मी तिसरीतून पळालेला. इंग्रजी अक्षरं शिकलो ती उसाच्या ट्रॅक्टरवर असताना, पुढच्या गाड्यांच्या नंबरपाट्या वाचून. बायको सातवी पास. म्हणून मशीन तिच्या ताब्यात.

पहिल्याच दिवशी घोळ. समोरचं माणूस खरंच आपलं आहे का, हे आधी पटवावं लागतं. एकानं प्रश्न घालायचा, दोघांनी आपापल्या जागी उत्तर लिहायचं. जुळलं तर ओळख पटली. लेकीनं विचारलं, वडलांचं नाव काय. बायकोचं बोट हवेत थांबलं.

"आई, लिही की," लेक फोनवरून.

"मी न्हाई बाई नाव घेत."

"घ्यायचं कुठंय? लिहायचंय!"

"लिहिलं काय अन् घेतलं काय, एकच."

आणि तिनं लिहिलं, 'हे'. मशीननं निकाल दिला, ओळख पटली नाही, समोर भलतंच कुणी असू शकतं. एवढा संसार ओढून बाई शेवटी तोतया निघाली. तिकडं लेक हसून हसून बेजार. "पटली, पटली! असं दुसरं कुणी लिहूच शकत न्हाई!" मग तांबड्या गाईचं नाव विचारलं, तेव्हा मशीनचं समाधान झालं. नवऱ्यापेक्षा गाय कामाची.

शिवाय बायकोची स्वतःची चावी उघडायला रोज एक गुप्त शब्द लागायचा. तो टिपताना पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. तरी मला म्हणायची, "तिकडं बघा." मी दाराकडं बघायचो.

"काय सोनं ठिवलंय का तिथं?"

"ठिवलंय."

लेक आली ती तेराव्यापर्यंत राहिली. तिनं तो शब्द शोधून पाहिला. स्वतःचं नाव, ग्रामदैवताचं, तांबडीचं. कुलूप हललं नाही. जाताना म्हणाली, "आबा, रविवारी तुमच्या नावाची नवी चावी करू. आईची पुसून टाकते, उघडतच न्हाई तर ठेवून काय करायचं?"

बरं म्हटलं. तिला पुसायची सगळ्यांनाच भारी घाई. रेशनकार्डावरून पुसली, आता या काळ्या पडद्यावरून. तिथं वरच्या कोपऱ्यात तिचं नाव अजून होतं. ते राहू दे, एवढंच मला म्हणायचं होतं. गावभर तोंड चालतं माझं, तेवढं एक वाक्य काही निघालं नाही.

शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन बसलो. सगळे देव परत घालून पाहिले. एकही देव पावला नाही. मग आठवलं. 'तिकडं बघा' म्हणाली की बांगड्या वाजायच्या. चोरून एकदा पाहिलं होतं, ती डोक्यावर पदर घ्यायची. घरात मी एकटा, आणि पदर कुणापुढं? असा पदर ती एकाच वेळी सावरायची, हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी धरून बसवायच्या तेव्हा.

लायसन काढलं. त्यावर जसं आहे तसं अक्षर अक्षर शोधून माझं नाव टिपलं. ते इथं लिहीत नाही, नाहीतर कुलूप कशाला? कुलूप उघडलं. दिसलं नाही म्हणजे घेतलं नाही, असा बाईचा कायदा. रोज संध्याकाळी, माझ्या शेजारी बसून.

जर्मनीत पडद्यावर 'आई आली' असं दिसलं असणार. फोन लगेच वाजला.

"आबा, तुमीच हाय ना?"

"मग काय तुझी आई?" म्हणालो.

"शब्द काय हुता?"

"गुपित हाय. पुसू नको तिला."

"न्हाई पुसत."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस पिळली, चहा घेतला, उन्हं चढल्यावर लॅपटॉप मांडला. फडताळावरचा बायकोचा फोटो नेमका माझ्या बोटांकडंच बघत होता. उठलो, त्याचं तोंड दाराकडं केलं.

"तिकडं बघ," म्हटलं. नियम म्हणजे नियम.

मग नाव टिपलं, आणि लेकीला लिहिलं: शेपू केला. करपला. कुणाला सांगू नको.