हसू प्रलंबित

मार्तंड लांजेवार एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होता, आणि निवृत्त झाल्यावरही त्याची जीभ ड्युटीवरच राहिली. नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या बागेत सकाळी रेंगाळणाऱ्या म्हाताऱ्यांवर तो ओरडायचा, "सरका पुढं! गाडी पुढं चालली, तुम्ही काहून थांबले?" गुडघे धरून बसलेली माणसं हसत उठायची. बायको गेल्यावर दोन महिन्यांनी तो बागेत परतला तेव्हा म्हणाला, "घरी माह्या जोकवर चिडाले कोणी नाही गा. करमत नाही." आम्ही हसलो, आणि मग बाकावर सरकून त्याला जागा केली.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात धुळवडीला गमतीच्या पदव्या वाटतात. चिठ्ठी वाचायची, गळ्यात कांद्याची माळ घालायची. दहा वर्षं सगळ्या पदव्या मार्तंडनंच लिहिल्या. अध्यक्ष भैयाजींचं भाषण आवरत नाही, म्हणून ते 'शेवटचे दोन शब्द'. मी पाटबंधारे खात्यातला कारकून. मला त्यानं दिलं 'हसू प्रलंबित'. खोटं नव्हतं ते. मी विनोद सांगायला लागलो की लोक घड्याळ बघतात. मार्तंडचा एक नियम मात्र कडक होता. कोणाचं दुखणं पदवीत घ्यायचं नाही. लंगडणाऱ्याच्या पायावर, बहिऱ्याच्या कानावर त्यानं कधी एक अक्षर लिहिलं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी त्याचा फोन आला. बटणांचा साधा फोन, नंबर तो पाठच करून ठेवायचा.

"गिरिधर, मी कुठं राहतो गा?"

"नागपुरात," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वेळेवर विनोद सुचला होता. पलीकडून हसू आलं नाही.

समोरची पाटी त्याला वाचायला लावली आणि मी स्कूटर काढली. मागच्या लेआउटच्या वसाहतीत एका मेडिकलच्या पायरीवर तो दुधाच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसला होता. त्याचं घर तिथून दोन गल्ल्यांवर.

"सगळे गेट सारखेच दिसून राहिले," तो म्हणाला. मग त्यानं माझा हात घट्ट धरला. "कोणाले सांगू नको. अश्विनले समजलं त तो मले घराबाहेर पडू देणार नाही."

अश्विन त्याचा मुलगा, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला; मार्तंड त्याच्याच घरी राहायचा. मी शब्द दिला.

तीन महिने पाळला. मग फेब्रुवारीत मार्तंड एका लग्नाला अमरावतीला गेला. त्या दिवशी बाकावर सगळे गप्प गप्प होते, आणि मी ती फोनची गोष्ट सांगून टाकली. भैयाजींच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत लोक हसले. मला पुन्हा सांगायला लावली. मी पुन्हा सांगितली, नक्कल करून. खोटं कशाला बोलू, निवृत्तीनंतर इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

धुळवडीला भैयाजींनी माइक घेतला. "दरवर्षी हा आपल्याले पदव्या देते, यंदा आपण याले देऊ!" त्यांनी चिठ्ठी उघडली. "मार्तंड लांजेवार. मी कुठं राहतो गा?"

"नागपुरात!" सगळे एका सुरात ओरडले.

घरची माणसंही आली होती. अश्विन हसत होता. मग त्यानं शेजारच्याला अर्थ विचारला आणि हसायचा थांबला. मार्तंडनं मान वाकवून माळ घालून घेतली. तो हसला, सगळ्यांत मोठ्यानं, आणि हसता हसता त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं. भैयाजींना काय दोष देऊ? त्यांना ती गंमतच वाटली होती. विश्वासघात मी केला होता.

दुसऱ्या दिवशी अश्विनच्या गेटला कुलूप लागलं. मार्तंड बागेत यायचा बंद झाला. मी दोनदा गेलो, तर बाबा झोपलेत म्हणून सुनेनं सांगितलं. तिसऱ्यांदा तो व्हरांड्यातच बसला होता. मला पाहून त्यानं पेपर तोंडासमोर धरला. पेपर कालचा होता.

मे महिन्यात एका दुपारी अश्विनचा फोन आला. "काका, बाबा तुमच्याकडे आले का? गेट उघडं राहिलं होतं." बाहेर पंचेचाळीस डिग्री. मी गल्ली न् गल्ली पालथी घातली. तीन तासांनी तो सापडला, एका अर्धवट बांधलेल्या घराच्या सावलीत, ओठ फुटलेले, चेहरा लालबुंद. मी पाणी पाजलं. फोन त्याच्या खिशात होता. मी काढून पाहिला, चार्जिंग पूर्ण होतं.

"मले फोन काहून नाही केला गा?" मी रागावलोच.

तो स्कूटरवर मागे बसला, पण माझ्या खांद्याला हात लावला नाही, मागची दांडी धरली. घराशी आल्यावर उतरला आणि गेटकडे बघत राहिला. शेवटी काहीतरी गमतीचं बोलेल म्हणून मी वाट पाहत थांबलो.

"घर नाही आठवलं," तो म्हणाला. "तुहा नंबर आठवला. पूर्ण आठवला. लावला नाही."