ह्यांना घरीच सांभाळायचं होतं

"ताई, हे वेड नाही," सोलापूरचे मेंदूचे डॉक्टर म्हणाले. "याला अल्झायमर्स म्हणतात. मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात. आधी आठवण जाते, मग रोजच्या सवयी."

हैदराबादेत काढलेला सीटी स्कॅन, म्हणजे मेंदूचे काप दाखवणारे फोटो, त्यांनी उजेडाला धरला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. शेजारी हे शांत बसले होते, जणू बोलणं दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

कर्नाटकातल्या आमच्या आळंदला ह्यांची तुरीची अडत, म्हणजे दलालीची पेढी. वर्षभर आम्ही 'वय झालं' म्हणून काढलं. घरची वाट चुकले, आम्ही हसलो. एकाच गिऱ्हाइकाला तीनदा रामराम घातला, हसलो. मग एका सकाळी मलाच विचारलं, "तुम्ही कुणाच्या?" तेव्हा हसू आटलं.

मी औषध विचारलं. "आजार मागे फिरवणारं औषध नाही. पण झोप, चिडचिड, खाणंपिणं सांभाळता येतं. ते एकट्याचं काम नव्हे. मी अधूनमधून बघेन, तुमच्या गावचे डॉक्टर दर आठवड्याला बघतील."

गावी आल्यावर धाकटे दीर म्हणाले, "वैनी, तुमच्यानं न्हाई व्हायचं. कामून जीव जाळायलाव? दिवाळीपर्यंत बघू, मग मी अण्णाला वेड्यांच्या इस्पितळात सोडून येतो."

माझं डोकंच फिरलं. ज्यांच्या जिवावर घर उभं राहिलं, त्यांना परक्या दारात टाकायचं? "भावजी, दिवाळी तर येऊ द्या," मी म्हटलं, "मी बी हितंच हाय."

बोलायला काय जातं! पुढच्याच महिन्यात ह्यांनी खाणं सोडलं. घास पुढे केला की हात झिडकारायचे. सरकारी दवाखान्यात दर सोमवारी वजन उतरलेलंच. तिथले डॉक्टर कानडी, सिस्टर उदगीरकडच्या. डॉक्टरांनी सोलापूरला ट्रंककॉल लावून तिथून दिलेली झोपेची गोळी कमी करून घेतली. गुंगी उतरली, पण घास जाईना.

"अक्का, यजमान पहिले दिवसभर काय करत होते?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं. आमच्या अडतीवर भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. सौदा ठरला की दोघांनी सोबत चहा प्यायचा. न पिता उठणं म्हणजे सौदा मोडणं. आजार लोकांना दिसू नये म्हणून आम्हीच ह्यांना अडतीच्या गादीवरून उठवून घरी बसवलं होतं.

"मग सौदा करून बघा की वैनी, हितंच," सिस्टर म्हणाल्या.

त्या रुमालाखाली बाईमाणसानं कधी हात घातला नव्हता. ह्यांच्या खांद्यावरचा रुमाल मी दोघांच्या हातांवर टाकला आणि जमतील तशी बोटं दाबली. ह्यांनी मान हलवली. भाव पसंत नव्हता! भरल्या दवाखान्यात माझा नवरा माझ्याशी घासाघीस करत होता. मला हसू आणि रडू एकदमच आलं. शेवटी ह्यांनी माझा पंजा घट्ट दाबला, सौदा ठरला. सिस्टरांनी दोन पेले पुढे केले, दुधातल्या पातळ खिरीचे. मी प्यायले, तसे हेही प्यायले.

तेव्हापासून घरी रोज सौदे. घास घेताना ताठ कसं बसवायचं ते सिस्टरांनी शिकवलं, वजनावर डॉक्टरांची नजर. वजन उतरायचं थांबलं. आजार मात्र थांबला नाही, हे स्पष्ट सांगते. खोटी आशा कुणाला नको. ह्यांचं बोलणं दिवसेंदिवस कमीच होत गेलं.

दिवाळी सरली आणि भावजी ह्यांचे कपडे भरायला आले. मी त्यांना सरळ दवाखान्यात नेलं.

"अण्णांना नेऊ नका, अक्कांना सुट्टी द्या," डॉक्टर म्हणाले. "त्याच आजारी पडल्या तर तुम्हाला दोन पेशंट."

भावजींनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "अमावशेला बाजार बंद असतोय. त्या दिशी म्या बसतो अण्णापाशी."

ज्यांच्या घरी हे दुखणं आलंय त्यांना सांगते, झाकून ठेवू नका. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं गावच्या डॉक्टरांना कळू द्या, सिस्टरांना घरात येऊ द्या. आणि 'मीच करते' हा हेका सोडा.

पहिल्या अमावास्येला भावजी आले. जरा पाठ टेकते म्हणून मी आडवी झाले. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती. हे जेवून बसले होते, आणि जन्मात पाण्याचा तांब्यासुद्धा न उचललेले भावजी मोरीत भांडी घासत होते.