दुभंगलेल्या डिव्हिजनमधला सालेम

मुंबईहून निघालेली आमची बोट दुबईच्या खाडीबाहेर भर समुद्रातच थांबली आणि आम्हाला होड्यांतून किनाऱ्यावर आणलं. धक्क्यावर माझा शाळासोबती हसन उभा होता. हा दापोलीचा गडी इथे कापडाचं दुकान चालवतो. मी इतिहासाचा मास्तर. अल ऐनचे किल्ले पाहायची मला हौस. हसननं जीप ठरवली होती. ड्रायव्हर सालेम, मूळचा येमेनी.

“माणूस भरवशाचा हाय,” हसन म्हणाला, “फक्त त्याला लढाईचं काय विचारू नको हां.”

त्या शेवटच्या वाक्यानंच माझा भरवसा उडाला.

रस्ता असा नव्हताच, नुसत्या वाळूतल्या चाकोऱ्या. वाटेत दोघे जण हात करत उभे होते. सालेमनं तोंडावर फडकं ओढलं आणि जीप दामटली.

“येमेनी होते,” एवढंच तो म्हणाला.

आपल्याच माणसांना का चुकवतो हा? मी पासपोर्ट सदऱ्याच्या आतल्या खिशात सरकवला.

अल ऐनला खजुराच्या बागेत आम्ही एकाच परातीत मचबूस (मांस घालून शिजवलेला भात) जेवलो. नंतर तो फलजवर (बागेला पाणी नेणारा पाट) तोंड धूत असताना मी हळूच त्याचा फोटो घेतला. किल्ल्यांचे फोटो घेऊन परतलो, कॅमेरा जीपमध्ये ठेवून पाणी प्यायलो आणि वळून बघतो, तर तो सालेमच्या हातात!

“चोर!” मी ओरडलो.

तो पळाला नाही. मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला, “कॅमेरा तुझा, हबीबी. आतली फिल्म नष्ट कर.”

मग त्यानं सांगितलं. येमेनमध्ये यादवी पेटली आणि त्यांची पायदळाची डिव्हिजन एका खिंडीत फुटली. निम्मी गादीवरून हटवलेल्या इमामाकडे गेली, निम्मी नव्या सरकारकडे. सकाळी एकत्र जेवलेले शिपाई दुपारी एकमेकांवर नेम धरून होते.

“पलीकडे माझा धाकटा भाऊ होता. मी बंदूक टाकून पळालो. आता दोन्हीकडचे मला शोधतात.”

मला पुरतं पटलं नाही. पण कॅमेरा त्यानं आपणहून माझ्या हातात ठेवला. मी फिल्म उन्हात ओढून काढली. सगळे किल्ले गेले.

दुबईला परतलो. निघण्याच्या आदल्या दिवशी हसनच्या दुकानात इस्त्रीचा सदरा घातलेला एक पाहुणा आला. बोलणं फार गोड.

“सालेमचा फोटो तुम्ही काढलात म्हणे. मी त्याचा भाऊ.”

याला कुणी सांगितलं? हसननंच बाजारात गप्पा मारल्या असणार. “फोटो नाही,” मी म्हणालो, “आणि तो कुठे आहे, ठाऊक नाही.” सालेम तेव्हा मागच्या वखारीत गठ्ठे रचत होता.

पाहुण्यानं सदऱ्याची गुंडी काढून डाव्या खांद्यावरचा व्रण दाखवला. “ही त्याचीच गोळी. मी सूड घ्यायला आलेलो नाही. आई त्याची वाट बघते आहे.” उतरल्या ठिकाणाचा पत्ता सांगून तो निघून गेला.

आम्ही वखारीत जाऊन सगळं सांगितलं. सालेमनं एकच विचारलं, “कोणता खांदा?”

“डावा.”

त्यानं हातातला गठ्ठा टाकला. “तो जिवंत आहे,” म्हणाला आणि तसाच अनवाणी बाहेर धावला. बंदूक टाकण्याआधी त्यानं ती झाडली होती, हे मला तेव्हा पटलं.

दुसऱ्या दिवशी दोघंही मला पोचवायला धक्क्यावर आले. धाकट्याचा डावा हात वर होत नव्हता. सालेमनं माझी ट्रंक होडीत ठेवली आणि मग भावाच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली. माझी नजर मात्र धाकट्याच्या कमरेवर, खंजीर शोधत होती. खंजीर नव्हता.

लढाया शिकवताना मी कोण जिंकलं ते फळ्यावर लिहितो. त्या खिंडीत कोण जिंकलं, हे मी दोघांपैकी एकालाही विचारलं नाही.