रांगेत पहिली

आमच्या भटकंती संस्थेत एक नियम कडक आहे. सगळ्यात सावकाश चालणाऱ्यानं रांगेत पहिलं चालायचं. त्याला कुणी ओलांडायचं नाही आणि तो थांबेपर्यंत कुणी थांबायचं नाही. मी वर्षानुवर्षं शेवटी असायचे, मागे राहिलेल्यांना सांभाळत. ती जागा दमदार माणसाची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा गेले, तर आमच्या प्रमुख ताई गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आज पुढं."

डोक्यात तिडीकच गेली!

त्या रविवारचा, मी सगळ्यांच्या पुढं चालतानाचा फोटो संस्थेच्या ग्रुपवर आला. तो माझ्या मोबाइलवर बघून भवानी पेठेतली माझी शेजारीण पेढे मागायला लागली. "काकू, पुढारी झालात की!" कपाळ माझं! आठवडाभर जिवाला चैन नव्हतं. भांडी आदळली, नवऱ्यावर खेकसले. एकच घोर लागला होता. आज पुढं काढलंय, उद्या म्हणतील, "तुम्ही थेट जेवायलाच या, रिक्षानं." मग परवा कशाला कोण बोलावतंय?

पुढच्या रविवारी मंद्रूपकडच्या माळावर मी ठरवूनच तरातरा सुटले. बघू देत म्हटलं सगळ्यांना. मी थांबेपर्यंत कुणाला थांबायची सोय नाही, म्हणून अख्खी रांग माझ्यामागं पळायला लागली. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका पाठीमागून ओरडले, "ओ बाई, गाडीला ब्रेक हाय का न्हाय?" सगळे हसले. मी आणखीच जोरात निघाले. गुडघा ठणकत होता, पण थांबूया म्हणायला जीभ रेटेना.

थोड्या वेळानं हसणं बंद झालं. मागे फक्त धापा ऐकू येत होत्या. वळून बघितलं तर काकांचा चेहरा पांढराफटक, एक हात छातीवर, तरी पाय ओढतच होते. हा माणूस माझ्या हट्टापायी पडला असता!

"थांबा!" मी ओरडले. "माझा गुडघा दुखतोय!"

सगळे होते तिथंच मटकन बसले. काकांना सावलीत नेलं, पाणी पाजलं. हळूहळू त्यांच्या तोंडावर रंग आला तशी मला रडूच फुटलं. म्हटलं, "काका, चुकलंच माझं. तुम्ही सगळे व्हा पुढं, मी येते मागनं सावकाश."

काकांनी टोपीनं वारा घेतला आणि पाय पसरले.

"तुमी उठल्याबिगर हितं कोन उठतंय?"