खाकी गोधडी

चहा घ्या आधी. आणि वचन द्या, आता जे सांगणार आहे ते इथून बाहेर जायचं नाही. निदान सुदुंबऱ्यापर्यंत तरी नाही. तिथे माझी विहीण राहते आणि तिच्या लेखी मी अजून बरी बाई आहे.

माझं काय आहे, मला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. सरळच सांगते. शेजारणीच्या कुंडीत जास्वंदीला दोन फुलं जास्त आली की माझ्या पोटात दुखतं. आमचे हे म्हणतात, "तुझ्या जळण्यावर लोणावळ्यातले कपडे वाळतील." आता आमच्याकडे पावसाळ्यात चार-चार महिने कपडे वाळत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे माझी आच केवढी, ते ओळखा.

तर गोधडीचं. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि वेळ खायला उठला, तेव्हा मी गोधड्या शिवायला लागले. दर गुरुवारी दुपारी आम्ही कॉलनीतल्या सात-आठ जणी जमतो. जुन्या साड्यांचे थर जमिनीवर अंथरायचे, चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवायचे आणि कडेपासून धावदोरा घालत घालत आत सरकायचं. काय सुख असतं हो त्यात! माझ्या मुलाचा, निखिलचा, चौथीतला शर्ट हाताला लागतो. सासूबाईंचं पातळ लागतं. ह्यांचा लग्नातला सदरा लागतो, ज्यात आता ह्यांचा एक हातसुद्धा मावणार नाही. प्रत्येक तुकड्यापाशी सुई थांबते, मी थांबते, आणि घरी संध्याकाळचा स्वयंपाकही थांबतो. दोन वर्षांत मी टीव्हीवरच्या मालिका सोडल्या, यावरून काय ते समजा.

एकच अडचण होती. माझे टाके खंडाळ्याच्या घाटासारखे. निघतात सरळ, आणि वळत वळत भलतीकडेच जाऊन उतरतात. गुरुवारच्या बायका म्हणतात, "हातानं केलेलं लगेच ओळखू येतं हं." मी ते कौतुक समजून घेते.

अशात माझी सून अश्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, सुदुंबऱ्याला. मी त्याच दिवशी ठरवलं की बाळाची पहिली गोधडी माझी. पाळण्यात बाळाच्या अंगाखाली माझ्या हातचीच पाहिजे, दुसऱ्या कुणाची नाही. दुसऱ्या कुणाची म्हणजे कुणाची, ते सांगायला नको. कारण सुदुंबऱ्यात मंदाताई, म्हणजे माझी विहीण, गोधडीसाठी नावाजलेली. शेतातलं काम उरकून ओसरीवर बसते आणि बोलता बोलता गोधडी घालते. ना वर्ग, ना गुरुवार.

आठव्या महिन्यात मी नारळाच्या वड्या घेऊन सुनेला भेटायला गेले. ओसरीवर पाय ठेवला आणि बघते तर काय, गोधडी अंथरलेली.

आणि टाके! पाभरीने पेरल्यासारखे, ओळीत ओळ. बारीक, सारखे, एक इकडचा तिकडे नाही. माझ्या हातातला वड्यांचा डबा जड झाला.

"या या, विहीणबाई, बसा," मंदाताई म्हणाली. "बरं झालं आलात. मला तुमालाच इचारायचं व्हतं. मधी ह्यो तुकडा कसा दिसतोय?"

मधोमध गडद हिरव्या इरकलीचा तुकडा ठेवला होता, लाल काठाचा. वापरून वापरून साय झालेला. काय दिसत होता सांगू! गोधडीने कुंकू लावल्यासारखं दिसत होतं.

"केवढी मोठी आहे ही," मी म्हटलं.

"व्हय तर. थंडीत पाय उघडं पडाया नगंत."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे नातवंड कॉलेजात जाईपर्यंत हिचीच गोधडी पांघरणार! माझं दीड हाताचं दुपटं सहा महिन्यांत लहान होणार आणि ही बाई वीस वर्षांचं नियोजन करून बसली आहे!

आणि वर मला विचारते. का विचारते, तर मी वरमाय ना. मुलाकडच्यांचा मान. विचारायचं म्हणून विचारायचं, अशी माझी खात्री झाली. म्हटलं, विचारतेच आहेस ना? मग घे.

"हिरवं नको हो," मी तोंड वाकडं करून म्हटलं. "इरकल टोचतं अंगाला."

"आगं बया. मग काय घालू?"

मी इकडेतिकडे बघितलं. दोरीवर तिच्या नवऱ्याची जुनी पँट वाळत होती. ते आधी कुठल्याशा कंपनीत वॉचमन होते, तिथली खाकी, जाडीभरडी. देव कधी कधी अगदी हाताशी आणून ठेवतो.

"ती घाला," मी म्हटलं. "खाकी कसं, मळखाऊ असतं."

मंदाताईने पँटकडे बघितलं, गोधडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुमाला आवडंल खाकी?"

"मला? अहो, फार."

"तिचा खिसा उसवून टाकते मग."

"खिसा राहू द्या. खिशाचा उपयोगच होतो."

परतताना तळेगावला लोकलची वाट बघत बसले, तेव्हा माझं मलाच हसू येत होतं. मनाला लागायला हवं होतं, पण नाही लागलं. खोटं कशाला बोलू?

आठ दिवसांनी मोबाईलवर फोटो आला. मधोमध खाकी. खिशासकट! बाईने खरंच घातलं होतं. पण कडेला तिने लाल खणाची किनार धरून ठेवली होती आणि त्या किनारीमुळे ती खाकीसुद्धा बरी दिसत होती. माझा पुन्हा जळफळाट. लगेच फोन केला.

"लाल नको, मंदाताई. डोळ्यावर येतं. करडं काहीतरी घाला. आणि त्या कोपऱ्यांना जरा मोठी फुलं हवीत, गाऊनवर असतात ना तशी."

"अश्विनीचा एक जुना गाऊन हाय बगा, सूर्यफुलांचा. पार इटलेला."

"तोच. अगदी तोच."

"तुमची पसंत येगळीच हाय," ती म्हणाली. ह्यात टोमणा नव्हता, हेच मला खुपलं. टोमणा मारला असता तर मला तेवढाच आधार.

मग शेवटचं पाप. ते सांगायला मला आजही जड जातं. मी म्हटलं, "आणि टाके फार बारीक घालता तुम्ही. मोठे घाला, ऐसपैस. हवा खेळली पाहिजे."

मग मंदाताई म्हणाली, "मोटं टाकं घालाया माजा हात वळत न्हाई, विहीणबाई. पन तुमी सांगताय म्हनून घालते."

दोन दिवसांनी अश्विनीचा फोन आला. "आई, तुम्हाला खरंच खाकी रंग आवडतो का?"

"अगं, रंग काय बघायचा? उपयोग बघावा."

"नक्की ना?"

"नक्की म्हणजे नक्की."

"बरं," म्हणाली आणि ठेवला. मला वाटलं, आईची बाजू घेते आहे. लेकच ती.

इकडे मी माझ्या दुपट्याला जीव लावून भिडले. सासूबाईंचं सर्वांत मऊ पातळ कापलं, तीनदा उसवलं, तीनदा घातलं. जेवणं झाली की खिडकीशी बसायचं आणि एकेक टाका देवाचं नाव घेऊन घालायचा. घाट होताच, पण वळणं कमी झाली. आमचे हे म्हणाले, "बोगदा खणलास की काय?" पहिल्यांदाच माझी ओळ टोकापर्यंत सरळ गेली होती. त्या दिवशी मी आनंदाने ह्यांना दोनदा चहा दिला.

नातू झाला. बाराव्या दिवशी सुदुंबऱ्यात बारसं. मी मुद्दाम गुरुवारच्या दोघींना बरोबर घेतलं, माझी गोधडी पाळण्यात पडताना साक्षीदार असावेत म्हणून. आणि शेजारी ती खाकी आली की फरक त्यांना आपोआप दिसेल. पोहोचलो, तर मांडवात चाळीस-पन्नास बायका. मी पिशवी छातीशी धरून पाळण्याकडे निघाले. आधी आपली अंथरायची, मग कोण काढतंय बघू.

मंदाताई पुढे आली आणि तिने पिशवी माझ्या हातातून घेतली. मला वाटलं, झालं, ठेवली कोपऱ्यात. पण तिने दुपटं बाहेर काढलं, दोन्ही हातांनी झटकलं आणि स्वतःच पाळण्यात अंथरलं. कडा दुमडल्या. वरून हात फिरवला.

"लय मऊ झालीया," ती म्हणाली. "आमी बाळासाटी केलीच न्हाई. अश्विनी म्हनली, सासूबाई करत्यात. म्हनलं, पयल्या नातवाला तिकडच्या आजीची असू दे. आपन कशाला मधी यायचं?"

"मग ती... ती मोठी?" मी विचारलं.

"ती व्हय? थांबा की."

माझी ओटी भरली. साडी दिली, नारळ दिला. आणि मग तिने आतून घडी आणली आणि सगळ्या मांडवासमोर उलगडून माझ्या खांद्यावर घातली. खाकी. करडी किनार. चार कोपऱ्यांना चार विटलेली सूर्यफुलं. आणि माझ्या बरोबर छातीवर वॉचमनचा खिसा.

"लोनावळ्याला गारटा लय," मंदाताई सगळ्यांना सांगत होती. "म्हनलं, विहीणबाईंना आपल्या हातची एक घालावी. पन त्यांना काय आवडंल ते कसं कळायचं? सरळ सांगितलं तर त्या म्हनतील कशाला उगाच. म्हनून इचारून इचारून केली. समदी त्यांचीच पसंत हाय बरं का."

चाळीस-पन्नास बायका आधी गोधडीकडे आणि मग माझ्याकडे बघत होत्या. गुरुवारच्या दोघींतली एक माझ्या कानाशी आली. "अगं, हे रंग तू निवडलेस?" दुसरी तर बिचारी खिशाकडेच बघत राहिली.

"आणि ते हिरवं?" मी कसंबसं विचारलं. "ते इरकल?"

"ते माज्या आईचं लुगडं," ती म्हणाली. "तुमच्यासाटीच काडलं व्हतं पेटीतनं. पन तुमाला टोचतं म्हनलात. मग मावसबहिनीला दिलं, तिनं तिच्या गोधडीत घातलं." आणि तिने बोट दाखवलं. मांडवाच्या कडेला एक बाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती आणि नातीच्या अंगावर ते हिरवं होतं, लाल काठाचं, कुंकू लावल्यासारखं.

इतकी लाज वाटत होती की मला रडू आलं. बायकांना वाटलं, भरून आलं. मंदाताईने मला जवळ घेतलं, तिचेही डोळे भरले. आणि ऐका, मी कशी आहे ते. तिच्या खांद्यावरून मी त्या मावसबहिणीच्या गोधडीकडे बघत होते आणि माझ्या पोटात दुखत होतं!

तेव्हापासून ती गोधडी मी पांघरते. न पांघरून करते काय? निखिल विचारतो, अश्विनी आली की आधी पलंग बघते. ऊब मात्र अशी, की पहाटे उठवत नाही. तेवढे मोठे टाके घालूनही एक टाका उसवला नाही तिचा. खिशात हे चष्मा ठेवतात.

परवा मंदाताईचा फोन आला. "व्याह्यांसाटीबी एक घेतलीया घालाया."

मला देव दिसला. म्हटलं, आता सुधारायची संधी. घाईघाईने म्हणाले, "मंदाताई, या वेळी तुमच्या मनानं घाला. लाल घाला, हिरवं घाला. आणि टाके तुमचे नेहमीचे, बारीक."

ती हसली. "माजं मन राखाया बोलताय व्हय? राहू द्या. तुमची आवड मला आता पाट झालीया. इचारायचं कामच न्हाई."

"अहो नाही, खरंच, मला खाकी तितकंसं..."

"मग त्या टायमाला का सांगितलं तसं?"

साधा प्रश्न होता. तिच्या आवाजात काही नव्हतं, फक्त तिला कळत नव्हतं. आणि उत्तर एकच होतं माझ्याकडे. तुमचे टाके बघवले नाहीत मला, म्हणून. एवढं म्हटलं असतं की सुटले असते. जिभेवर आलंही होतं.

पण मग ती विचार करत बसली असती. पँट आठवली असती, गाऊन आठवला असता, आईचं लुगडं आठवलं असतं. आणि मी बरी बाई राहिले नसते.

"आत्ता गंमत केली हो तुमची," मी म्हटलं. "ह्यांनाही खाकीच घाला."