घोड्याचे मागचे पाय

अठरा वर्षं एक माणूस घोड्याचे मागचे पाय म्हणून काम करतो आणि एकदाही कुरकुर करत नाही, असं कोणी सांगितलं तर कुणालाच पटणार नाही. पण शेपूटरावांना भेटलात की पटेल. खरं नाव वेगळंच आहे, पण मुलांच्या नाटकांच्या त्या हॉलमध्ये झाडूवाल्या मावशींपासून मॅनेजरबाईंपर्यंत सगळे त्यांना शेपूटरावच म्हणतात, आणि ते 'ओ' देतात, तेही खुशीत.

आठवडाभर ते शिलाई मशीनं दुरुस्त करतात. रविवारी सकाळी अकराला घोडा होतात. म्हणजे अर्धा घोडा. पुढचा अर्धा, म्हणजे तोंड, मान, डोळे मिचकवायची दोरी, हे सगळं मुंडकेरावांकडे. हे त्यांचे जुने दोस्त, अंगाने आडवे, आवाज असा की हॉलची दारं हलतील. शेपूटराव कमरेत वाकून मुंडकेरावांचा पट्टा दोन्ही हातांनी धरतात, वरून कापडाचा घोडा चढतो, चेन लागते, आणि मग त्यांना जगात दोनच गोष्टी दिसतात. मुंडकेरावांचा शर्ट आणि खाली स्टेजच्या वीतभर फळ्या. पट्टा डावीकडे गेला की डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. बोलायचं नाही. अठरा वर्षं नुसता पट्टा.

खेळ संपला की घोड्याचं तोंड निघतं, मुंडकेराव घामाघूम चेहऱ्याने हात हलवतात, पोरं टाळ्या वाजवतात, फोटोबिटो होतात. शेपूटराव तोवर मागे वाकलेलेच. पुढचा माणूस पूर्ण बाहेर पडल्याशिवाय मागची चेन उघडतच नाही, करणार काय.

याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं, अगदी शप्पथ. वाटलं ते लेकीमुळे. लेक आठ वर्षांची, तिसरीत. तिने वर्गात जाहीर करून टाकलं की माझे बाबा नाटकात आहेत आणि रविवारी सगळ्यांनी आईबाबांना घेऊन यायचंच. बावीस पोरं तयार झाली.

"तिने सांगितलंय का गं, मी नक्की काय आहे ते?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला काय माहीत. तिलाच विचार ना."

"नको. पोरं चिडवतील तिला. घोड्याचं ढुंगण म्हणतील."

"मग, आहेसच," बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "बावीस घरांत तुझं नाव होईल."

हसून विषय संपवायचा तिचा विचार होता, पण यांना रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी ते थेट मुंडकेरावांच्या दारात.

"एक रविवार मला पुढे घे. एकच. पोरीला माझं तोंड दिसू दे."

"वेड लागलंय का? तुला पुढचं येतंय कुठे?"

"अठरा वर्षं तुझ्या मागे आहे. सगळं पाठ झालंय."

"पाठ झालं नाहीये, तू फक्त माझी पाठ बघितलीयस." एवढं बोलून मुंडकेरावांनी मित्राच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं. पण मान जपून हलव, स्पंज सुटलाय."

रविवारी हॉल गच्च. दारात बाबागाड्यांची रांग, पॉपकॉर्नचा वास, कुणाचा तरी बूट हरवलेला. तिसऱ्या-चौथ्या रांगेत लेकीचा अख्खा वर्ग. पडदा वर गेला, गाडीवान ओरडला, "चल रे घोड्या," आणि घोडा ढिम्म.

कारण शेपूटराव पुढे उभे राहून पट्ट्याची वाट बघत होते. आता पुढे पट्टा नव्हता, पुढे कुणीच नव्हतं, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. मागे मुंडकेराव वैतागले आणि त्यांनी शेपूटरावांच्या कमरेला हिसका दिला. हिसका बसला मागे. झालं. पट्टा सांगेल तसं जायचं, ही अठरा वर्षांची सवय. घोडा उलटा चालत चालत अख्खं स्टेज ओलांडून पडद्यात घुसला.

पोरं हसून हसून खुर्च्यांवरून घसरली. पहिला अंक सगळा असाच, घोडं दर दोन पावलांवर अडतंय. पण घोड्याच्या तोंडातल्या जाळीतून शेपूटरावांना लेक दिसत होती. हाताची घडी घालून बसलेली. जराही हसत नव्हती.

मध्यंतरात ती तरातरा मागे आली.

"बाबा, तुम्ही पुढे काय करताय?"

"तुला कसं कळलं गं?"

"मागचे पाय आज नुसते चालतायत."

"नुसते म्हणजे?" मुंडकेराव घोड्याच्या पोटातूनच बोलले.

"काका, तुमचे पाय चांगलेच आहेत. पण त्यांना काही वाटत नाही." मग ती बाबांकडे वळली आणि तिचा आवाज एकदम चिरकला. "मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, तोंडाकडे बघूच नका, मागे बघा. मागचे पाय रुसतात, झोपतात, बस उशिरा आल्यासारखे एकावर एक टाकून उभे राहतात. आता सगळे विचारतायत, कुठायत ते, कुठायत ते."

"मला वाटलं, तुला लाज वाटेल."

"कशाची?"

तिने खरंच विचारलं होतं. मॅनेजरबाई डोकावून म्हणाल्या, "मागेपुढे काय व्हायचंय ते पटकन व्हा, घंटा देतेय." मुंडकेरावांनी पट्टा आवळला आणि पुढे जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या अंकात पूल येतो. पुढच्या पायांना पूल ओलांडायचाय आणि मागच्यांना नाही. शेपूटरावांनी मुठी आवळल्या, तो ओळखीचा शर्ट समोर आला, आणि पाय आपोआप सुरू झाले. टाच घासली. हटून बसले. पुढचा अर्धा ओढतोय आणि मागचा आळस देतोय. अठरा वर्षांत त्यांनी हॉलमधला आवाज कधी नीट ऐकलाच नव्हता, कापडात सगळा एकच गलका वाटायचा. आज त्या गलक्यात एक आवाज वेगळा कळला. "बघा हं, आता रुसणार." आणि पाय रुसले. "आता एक डुलकी." आणि पायांनी डुलकी काढली. बावीस पोरं तिच्या तालावर, आणि ती बाबांच्या.

खेळ संपला, तोंड निघालं, मुंडकेरावांनी हात वर केले. तिसऱ्या रांगेतून आरडाओरडा सुरू झाला, मागचे, मागचे, मागचे. मुंडकेराव बाहेर पडले, मागे जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने चेन ओढली आणि दोस्ताला खांद्याला धरून उजेडात आणलं.

केस कपाळाला चिकटलेले, कंबर सरळ व्हायला तयार नाही. स्टेजवर तोंडाचं काय करायचं असतं, हे शेपूटरावांना कुणी शिकवलंच नव्हतं. ते नुसते उभे राहिले. लेक खुर्चीवर चढली होती आणि मागच्या रांगेतल्या, अजिबात ओळख नसलेल्या एका आजोबांना सांगत होती, "ते माझे बाबा. मागचे पाय."